कोकणात घरी छोटा रीफ टँक (१२० लिटर): कट्ट्यापासून पहिल्या प्रवाळापर्यंत

चिरेबंदी

किनाऱ्यावर राहणाऱ्याला वाटतं, समुद्र दारात आहे, पाणी फुकट, वाळू फुकट, दगड फुकट, मग रीफ टँक (जिवंत प्रवाळांचा खाऱ्या पाण्याचा टँक) आपल्याइतका सोपा कुणाला जाणार? प्रत्यक्षात या तिन्ही गोष्टी टँकमध्ये घालायच्या नसतात. शिवाय थंड देशांतले लोक हीटरवर पानंच्या पानं लिहितात, आणि आपल्याकडे प्रश्न असतो तो मे महिन्यातल्या उकाड्याचा नि जूनमधल्या गेलेल्या विजेचा. म्हणून हा धागा फक्त कोकणातल्या घरांसाठी. ज्यांना अनुभव आहे त्यांनी भर घाला, चूक दिसली तर सांगा.

सुरुवात कायद्यापासून, कारण टँकमध्ये काय ठेवायचं ते त्यावर ठरतं. कठीण प्रवाळ (ज्यांचा दगडी सांगाडा रीफ बांधतो ते सगळे), काळं प्रवाळ, ऑर्गन पाईप, फायर कोरल आणि सी फॅन हे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. समुद्री घोडे आणि समुद्रकाकड्याही. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे. तिथलं किंवा कुठल्याही खडपावरचं प्रवाळ, मग ते मेलेलं का असेना, उचलू नका. दुकानात कठीण प्रवाळ 'सगळे ठेवतात' म्हणून दाखवलं तरी घेऊ नका. या धाग्यातला टँक मऊ प्रवाळांचा आहे: झोअँथिड, मशरूम, लेदर, झेनिया. हलताना सुंदर दिसतात, उजेड आणि रसायनांची मागणी कमी, आणि थोडी चूकभूल सोसतात.

आता माप. २४ × १८ × १६ इंच. फार लहान टँकमध्ये एका दिवसाच्या बाष्पीभवनाने क्षारता (पाण्यातल्या मिठाचं प्रमाण) हलते, फार मोठा केला तर चिलरचा (पाणी गार ठेवणाऱ्या यंत्राचा) खर्च हाताबाहेर जातो. बाजूंना ८ मिमी, तळाला १० मिमी काच, वरच्या कडेला आतून दोन इंचांची पट्टी. मागच्या काचेला भोकं पाडायची असल्याने ती टफन केलेली नको, टफन काच ड्रिल लावताच फुटते. काचवाल्याला हे आधीच बजावून सांगा. पावसाळ्यात टँक चिकटवत असाल तर काचेवर न दिसणारा ओलावा असतो. सिलिकॉन ओढण्याआधी प्रत्येक कड ॲसिटोनने पुसा, नाहीतर सांधा वर्षभराने सोलून निघतो. सिलिकॉन बुरशीरोधक औषध घातलेलं नसावं. सात दिवस वाळू द्या, मग साधं पाणी भरून खाली वर्तमानपत्र पसरून तीन दिवस ठेवा. कागदावर डाग उठला तर सांधा पाझरतोय.

खाली संप, म्हणजे दुसरी टाकी: वरच्या टँकमधलं जादा पाणी ओव्हरफ्लोच्या दात्यांवरून तिच्यात उतरतं आणि पंप ते परतीच्या पाईपने पुन्हा वर चढवतो. माप २४ × १२ × १४ इंच, चालू स्थितीत आठ इंच पाणी. वरच्या टँकमध्ये दगड-वाळू वजा जाता साधारण ८५ लिटर, संपमध्ये ३५. म्हणून १२० लिटर. पुढचे सगळे हिशेब या आकड्यावर.

वीज गेली की वरचं पाणी संपमध्ये उतरतं, आणि पहिल्याच रात्री भुई ओली होते ती याच कारणाने. हिशेब साधा आहे: या टँकमध्ये एक इंच उंची म्हणजे ७ लिटर. ओव्हरफ्लोच्या दात्यांपर्यंत पाऊण ते एक इंच उतरेल. पण परतीच्या पाईपचं तोंड चार इंच खाली बुडालेलं असेल तर तिथवरचं पाणी सायफनने मागे येतं, म्हणजे २८ लिटर. संपमध्ये वर रिकामी जागा सहा इंच, तीही जेमतेम २८ लिटरचीच. काठोकाठ! परतीचं तोंड पाण्याच्या पातळीपासून एका इंचाच्या आत ठेवा. सायफन तोडायला पाईपला बारीक भोक पाडतात, पण शेवाळ किंवा गोगलगाय ते बुजवते, त्यावर एकट्यावर विसंबू नका. उतरत्या पाण्यासाठी एक इंची पीव्हीसीच्या दोन नळ्या घ्या, एक नेहमीची, दुसरी थोडी उंच, आणीबाणीसाठी.

स्टँड लोखंडी नको. खाऱ्या हवेत पावडर कोटिंगखालून गंज चढतो आणि वेल्डिंगच्या जागी आधी खातो. चिऱ्याचे दोन खांब, मधे २८ इंच मोकळी जागा, वर ४० मिमी ग्रॅनाइट किंवा तेवढाच जाड कडाप्पा, त्यावर १० मिमी फोम आणि मग टँक. स्लॅबवर भार साधारण १४० किलो येतो. सारवलेल्या भुईवर किंवा माळ्यावर टँक ठेवू नका. ओटीवर, पडवीवरही नको, दुपारचं तिरपं ऊन पाण्यात शिरतं.

तांडेल

माप आणि कट्टा पटला. पण पाण्याबद्दल एक विचारतो. बंदरातलं पाणी घाण, हे मान्य. होडीने पाच-सहा मैल आत गेलं तर निळं, स्वच्छ पाणी मिळतं. डिसेंबर ते एप्रिल या दिवसांत ते का चालू नये? मिठाच्या पिशव्यांचा खर्च वाचेल.

आणि मीठच हवं असेल तर शिरोड्याच्या मिठागरातलं का नको? तेही समुद्राचंच आहे.

लवणमापी

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण हा गैरसमज फार जणांचा असतो.

मिठागरात समुद्राचं पाणी आटतं तेव्हा सगळे क्षार एकदम खाली बसत नाहीत. आधी चुनखडी बसते, मग जिप्सम, त्यानंतर मीठ. मॅग्नेशियम आणि पोटॅशियम शेवटच्या कडू पाण्यात राहतात आणि ते पाणी सोडून दिलं जातं. मिठागरातून ओढलेला खडा म्हणजे जवळपास निव्वळ सोडियम क्लोराइड. तो पुन्हा पाण्यात विरघळवला तर खारट पाणी होतं, समुद्राचं पाणी होत नाही. प्रवाळाला लागणारं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्यात नसतंच. रीफचं तयार मीठ घ्यावं लागतं, लिटरला साधारण ३६ ते ३८ ग्रॅम.

होडीने आणलेलं पाणी चालू शकतं, पण अटी बऱ्याच. भरतीच्या वेळी, किनाऱ्यापासून दूर, खाडीच्या मुखापासून लांब, आणि होडीच्या इंजिनाच्या पुढच्या बाजूने घ्यायचं, डिझेलचा तवंग आला तर सगळं फुकट. खाण्याच्या प्लास्टिकचे डबे, ५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळणं, मग दोन आठवडे अंधारात झाकून ठेवणं, वापरण्याआधी क्षारता मोजणं. हिवाळ्यात रात्री लाटा निळ्या चमकतात त्या दिवसांत मुळीच घेऊ नका, ते नॉक्टिलुका नावाच्या सूक्ष्मजीवाचं पीक असतं आणि डब्यात मेलं की अमोनिया करतं. जून ते ऑक्टोबर तर विषयच नको, नद्यांचं गोडं पाणी आणि तांबडी माती बरीच आत जाते. म्हणजे पाच महिने पिशवीचं मीठ लागणारच. दोन तऱ्हेचं पाणी आलटून पालटून वापरण्यापेक्षा बारा महिने एकच वापरलेलं बरं, असं माझं मत.

गोडं पाणी विहिरीचं असेल तर टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचा आकडा) कमी दिसतो म्हणून फसू नका. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी मऊ असतं पण त्यात लोह आणि सिलिका असते, आणि सिलिका म्हणजे काचेवर तपकिरी डायॅटम (एक सूक्ष्म शेवाळ). घरचा आरओ वापरायचा असेल तर दोन गोष्टी बंद करा: टीडीएस वाढवणारा व्हॉल्व (तो कच्चं पाणीच परत मिसळतो) आणि मिनरलची नळी. पुढे डीआय रेझिनची (उरलेसुरले क्षार ओढून घेणाऱ्या दाण्यांची) एक नळी जोडा. मीटरवर शून्य आलं पाहिजे. दोन-तीन दिसायला लागलं की रेझिन बदला.

मीठ मिसळताना आधी पाणी, मग मीठ. उलट केलं तर कॅल्शियम पांढरं होऊन तळाला बसतं आणि पुन्हा विरघळत नाही. छोटा पंप लावून रात्रभर फिरवा. लक्ष्य क्षारता ३५ (हजार भागांत ३५ भाग), म्हणजे २५ अंशांना विशिष्ट गुरुत्व १.०२६. रेफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायचं उपकरण) ३५ च्या द्रावणाने जुळवा, साध्या पाण्याने शून्य जुळवून भागत नाही. पावसाळ्यात उघडी पिशवी हवेतला ओलावा ओढून वीट होते. तेव्हा वजनावर जाऊ नका, ओल्या मिठात पाणी किती ते काय कळणार? घट्ट झाकणाच्या पिंपात ठेवा आणि मोजणी रेफ्रॅक्टोमीटरनेच करा.

चिरेबंदी

वाळूबद्दल मीच लिहितो. आपल्या किनाऱ्याची वाळू बहुतेक सिलिकाची, आणि रत्नागिरीकडे तर तिच्यात काळे, चकाकते कण दिसतात. ते इल्मेनाइट. मूठभर वाळू कागदावर पसरून खालून जोरदार चुंबक फिरवून पाहा, काळी रेघ चुंबकामागे सरकत जाते. टँकमध्ये हेच कण काच पुसायच्या चुंबकाला चिकटतात आणि काचेवर ओरखड्यांची जाळी उमटते. पंपाच्या चुंबकी रोटरमध्ये शिरले तर रोटर घासून खरखर सुरू होते.

ॲरागोनाइटची वाळू घ्या, दाणा १ ते २ मिमी, जाडी सव्वा इंच. या मापाला १२-१३ किलो. जाड थर घातला तर तळाशी घाण साचते, आणि ती उकरली की सडक्या अंड्याचा वास येतो.

पागोळी

समुद्रातला दगड नको म्हटल्यावर दगड आणायचा कुठून हा प्रश्न उरतो. बाजारात सिरॅमिकचे मिळतात, पण घरी करता येतात, आणि कोकणात तर ते करायला पावसाळ्यासारखा मोसम नाही.

साहित्य: पांढरं सिमेंट १ भाग, शिंपल्यांची भरड ४ भाग, खडे मीठ १ भाग. शिंपले जेवणानंतर उरलेल्या तिसऱ्यांचे, कालवांचे. उकळून, मांस खरवडून, कडक उन्हात आठवडाभर वाळवून मग मुसळाने ३ ते ६ मिमीपर्यंत ठेचा. पीठ करू नका, भोकं राहत नाहीत. सिमेंट म्हणजे सिमेंटच, भिंतीची पुट्टी नव्हे. पुट्टीत चिकट पॉलिमर असतात आणि ते पाण्यात उतरतात.

पाणी बेताचं. मूठ वळली तर गोळा राहावा, पण पाणी ठिबकू नये, भाकरीच्या पिठाहून थोडं कोरडं. ओल्या वाळूच्या खड्ड्यात गोळे रचून साचा करा, बोटाने आरपार भोकं पाडा, मधे केळीच्या सोपाचे तुकडे खुपसले तर ते नंतर कुजून गुहा तयार होतात. दोन दिवस ओलं गोणपाट घालून झाका, मग अलगद बाहेर काढा.

ताज्या सिमेंटमधून चुना सुटतो आणि पाण्याचा पीएच बारावर जातो. तो काढायला सहा ते आठ आठवडे लागतात. जूनच्या पहिल्या पावसाआधी दगड पागोळ्यांखाली मांडून ठेवले तर कौलांवरून पडणारी धार रात्रंदिवस ते काम करते, आतलं मीठही विरघळून जातं. मात्र छप्पर कौलारू हवं. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावरून आलेल्या पाण्यात जस्त उतरतं, आणि जस्त कोळंबी-गोगलगायींना विष आहे. दर आठवड्याला दगड उलटा. नारळी पौर्णिमेच्या सुमारास उचला, ब्रशने शेवाळ घासा, एक दिवस ब्लीचच्या पाण्यात, दोन दिवस साध्या पाण्यात, मग वाळवा.

तपासणी: बादलीत आरओचं पाणी, त्यात दगड, ४८ तास. पीएच ८.५ च्या आत राहिला तर तयार. वर गेला तर अजून पंधरा दिवस.

या टँकला १०-१२ किलो पुरे. मागच्या काचेला टेकवून भिंत रचू नका, मागे तीन इंच वाट ठेवा, नाहीतर तिथे घाण साचते आणि हात पोचत नाही. खालचे दगड वाळू घालायच्या आधी थेट काचेवर बसवा. वाळूवर ठेवले तर मासे खालून उकरतात आणि ढीग कोसळतो.

सड्यावरून

वा, पागोळ्यांची कल्पना फार आवडली. वाखूसा (वाचनखूण साठवली).

माझा प्रश्न उकाड्याचा. मेमध्ये खोलीत ३३ अंश. टँकवर दोन छोटे पंखे लावून तापमान २६ वर येईल का? चिलर महाग आहे, आणि वीजबिलही.

लवणमापी

२६ वर येणार नाही. कारण सांगतो, म्हणजे पैसे कुठे घालायचे ते ठरवता येईल.

पंखा पाणी उडवून गारवा देतो. एक लिटर पाणी उडालं की १२० लिटरमधून सुमारे पाच अंशांइतकी उष्णता निघून जाते, इतकी ताकद त्यात आहे. पण पाणी उडायला हवा कोरडी लागते. पंखा कितीही मोठा लावा, पाणी ओल्या फडक्याच्या थर्मामीटरइतकंच उतरू शकतं, त्याखाली नाही. ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर तो आकडा २८ च्या आसपास असतो. दिवे आणि पंप पाण्यात उष्णता ओततच असतात, म्हणजे प्रत्यक्षात २९ ते ३०. देशावर, सोलापूर-नगरकडे, याच पंख्याने २५ गाठता येतं. कोकणात नाही.

मऊ प्रवाळांना २६ ते २८ हवं. २९ ला लेदर मिटून बसतं, ३० वर आठवडाभर राहिलं तर झोअँथिड पांढुरके होऊ लागतात, कारण आतलं शेवाळ बाहेर टाकलं जातं. म्हणून एप्रिल-मे आणि ऑक्टोबर हीटसाठी १/१० एचपीचा चिलर लागतो. तो २७ वर लावा, २५ वर नको. गारवा कमी असला तरी एकसारखा असावा, दिवसा २९ नि रात्री २५ हे सगळ्यात वाईट.

चिलर जितकी उष्णता पाण्यातून काढतो त्याहून जास्त खोलीत सोडतो. कट्ट्याखाली बंद कपाटात ठेवला तर स्वतःचीच गरम हवा ओढत राहतो आणि बंदच होत नाही. चारी बाजूंनी एक फूट मोकळं ठेवा. खाऱ्या हवेने त्याचे पत्रे गंजतात, महिन्यातून एकदा कोरड्या ब्रशने साफ करा.

काही गोष्टी फुकटच्या आहेत. दिवे दुपारी न लावता संध्याकाळी चार ते रात्री बारा लावा. पंप डीसी घ्या, त्याचा प्रत्येक वॅट शेवटी पाण्यातच उष्णता होऊन उतरतो. टँकवर काचेचं झाकण न ठेवता जाळी ठेवा.

शेवटची_यष्टी

आमच्या हयसर जून-जुलैत लाईट दोन-दोन दिस नसता. तेचा काय करूचा? जनरेटर घेवक परवडणा नाय.

वायरमन

जनरेटर लागत नाही. घरच्या इन्व्हर्टरवर चालतं, फक्त हिशेब नीट करा.

वीज गेली की पहिला धोका प्राणवायूचा, तापमानाचा नंतर. पाणी हललं नाही तर भरलेल्या टँकमध्ये चार-सहा तासांत मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. पावसाळ्यात हवा गार असते, त्यामुळे चिलर नसला तरी चालतं.

१२ व्होल्ट १५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. पूर्ण रिकामी करायची नसते आणि इन्व्हर्टरमध्येही वाया जातं, हातात धरा ११००. परतीचा पंप २५ वॅट, वेव्हमेकर (टँकमध्ये पाणी हलतं ठेवणारा छोटा पंप) १०, म्हणजे ३५. साधारण ३० तास निघतात. त्याच बॅटरीवर घरातला पंखा आणि टीव्ही असेल तर हा हिशेब विसरा. दोन दिवसांची तयारी हवी तर परतीचा पंपही बंद ठेवून फक्त वेव्हमेकर पृष्ठभागाकडे वळवून चालवा, मग बॅटरी चार दिवस पुरते. पण संपमधलं पाणी तेव्हा थांबलेलं असतं, त्यात बॅटरीवरच्या एअरपंपाचा दगड सोडा. चिलर इन्व्हर्टरवर टाकू नका, सुरू होताना झटका मोठा घेतो. इन्व्हर्टर साइनवेव्हचाच, स्क्वेअरवेव्हवर पंप गुणगुणतात आणि तापतात.

अर्थिंगकडे लक्ष द्या. जांभ्यात अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत होतो आणि अर्थ नावालाच उरतो. कोळसा-मीठ घालून खड्डा भरा आणि मार्चपासून आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी ओता. टँकच्या लाइनवर ३० मिलीअँपचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. मुलं टँकमध्ये हात घालणार असतील तर याला पर्याय नाही. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोका घेऊन मग वर जावी, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोक्यावरच ठिबकतं. एक्स्टेन्शन बोर्ड कट्ट्याखाली ठेवू नका, संपची खारी वाफ पितळी पट्ट्या हिरव्या करते. वळिवात आणि परतीच्या पावसात वीज कडाडायला लागली की चिलरचा प्लग काढून ठेवा.

तांडेल

आता टँक भरला असं समजू. जीव कधी आणि कोणते घालायचे?

चिरेबंदी

घाई नको. आधी अमोनिया खाणारे जीवाणू वाढू द्यायचे. त्याला खाद्य म्हणून अमोनियम क्लोराइड, म्हणजे कल्हईवाले वापरतात तोच नवसागर, पण बाजारातला नको, प्रयोगशाळेचा शुद्ध घ्या. १२० लिटरला ०.७५ ग्रॅम टाकलं की अमोनिया साधारण २ पीपीएम (दहा लाखांत दोन भाग) होतो. बाटलीतले जीवाणू घातले तर लवकर होतं, नाहीतर चार ते सहा आठवडे. २ पीपीएम घातलेला अमोनिया आणि त्यापासून झालेलं नायट्राइट दोन्ही २४ तासांत शून्यावर आले की झालं. कोळंबीचा तुकडा कुजवण्याची पद्धतही आहे, पण किती अमोनिया झाला ते कळत नाही आणि घरभर वास.

त्यानंतर काचेवर तपकिरी थर येईल, मग केसांसारखं हिरवं शेवाळ, कधी लालसर चिकट पापुद्रा. प्रत्येक वेळी औषध ओतायला जाऊ नका. सात-आठ ट्रोकस गोगलगायी, आठवड्याला १२ लिटर पाणीबदल आणि दिवे आठ तासांवर, एवढं पुष्कळ. नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आणायच्या हट्टाने उलट डायनोफ्लॅजेलेट येतात, बुडबुडे अडकलेला तपकिरी शेंबडासारखा थर, आणि ते घालवणं सगळ्यात कठीण. नायट्रेट ५ ते १० पीपीएम, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ असू द्या.

मासे मोजकेच. क्लाउनफिशची जोडी, बंदिस्त पैदाशीचीच मागा. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांचं प्रजनन जमवलेलं आहे, समुद्रातून पकडलेली घेण्याचं कारण उरलेलं नाही. जोडीला एक फायरफिश आणि एक क्लीनर कोळंबी. बस्स. टँग आणि मँडरीन या मापात उपाशी किंवा बेजार होऊन मरतात.

दिवा ९०-१०० वॅटचा एलईडी, निळा जास्त, पण सुरुवात ३० टक्क्यांवर आणि महिनाभरात ५० वर. नवं प्रवाळ आणलं की आधी तळाशी ठेवा. प्रवाहासाठी ताशी २००० ते ३००० लिटरचा एक वेव्हमेकर, थेट प्रवाळावर न रोखता समोरच्या काचेवर मारून परतणारा.

झोअँथिडबद्दल एक गंभीर सूचना. यांच्यातल्या काहींमध्ये, विशेषतः पॅलिथोआमध्ये, पॅलिटॉक्सिन असतं, ते फार जहाल विष आहे. कापताना हातमोजे आणि चष्मा. त्यांचा दगड कधीही उकळत्या पाण्यात टाकू नका किंवा कोरडा घासू नका, वाफेतून विष श्वासात जातं.

पागोळी

अल्कलिनिटीचं एक राहिलं, म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची ताकद; क्षारता वेगळी. ती ८ ते ९ डीकेएच (हे तिचं एकक) ठेवा. कमी पडली तर खायचा सोडा चालतो: १२० लिटरला १ डीकेएच वाढवायला ३.६ ग्रॅम, आरओच्या पाण्यात विरघळवून, प्रवाहाच्या तोंडाशी हळूहळू. दिवसात एकाहून जास्त वाढवू नका.

चुन्याची निवळी ऑटो टॉपअपमधून (उडालेलं पाणी आपोआप भरून काढणाऱ्या यंत्रणेतून) सोडतात, तीही चांगली पद्धत आहे, पण फ्लोट अडकला तर काय होतं ते आधी समजून घ्या. टॉपअपच्या डब्यात १० लिटर साधं पाणी असेल आणि सगळं एकदम टँकमध्ये गेलं, तर क्षारता ३५ वरून ३२ वर येईल, जीव वाचतील. तीच १० लिटर पूर्ण निवळी असेल तर अल्कलिनिटी आठहून जास्त डीकेएचने उसळते आणि पीएचही, सकाळी पाणी दुधासारखं दिसतं. निवळी वापरणारच असाल तर डबा चार लिटरचा ठेवा. पानाचा चुना नको, त्यात आणखी काय आहे ते सांगता येत नाही.

चिरेबंदी

बरोबर. मऊ प्रवाळांच्या टँकला निवळीची गरजच पडत नाही, पाणीबदल पुरतो. मूळ लेखात मी टॉपअपच्या डब्याचं माप लिहायचं विसरलो होतो, हे वाचणाऱ्यांनी धरून ठेवावं.

मोहोर

एक अडचण मांडतो. टँक सात महिन्यांचा. क्षारता ३५, अमोनिया शून्य, अल्कलिनिटी ८.४, तापमान २६. मासे ठणठणीत, झोअँथिड उघडलेले. क्लीनर कोळंबी दोन दिवसांत मेली, दुसरी आणली तीही. गोगलगायी आहेत पण सुस्त. तांब्याची चाचणी केली, काही नाही. जानेवारी आहे, स्किमरची (बुडबुड्यांनी पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राची) हवेची नळी पीएच वाढावा म्हणून खिडकीबाहेर सोडलेली आहे.

लवणमापी

खिडकीबाहेर कलमं आहेत का?

मोहोर

हो, खिडकीपासून दहा-बारा फुटांवर हापूसची.

लवणमापी

मग बहुधा तेच. मोहोरावर तुडतुड्यांसाठी डिसेंबर ते फेब्रुवारी फवारण्या चालतात, आणि त्यात सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटाची औषधं नेहमीची. ती कीटकांसाठी बनवलेली, आणि कोळंबी-खेकडे त्याच संधिपाद कुळातले, अत्यल्प मात्रेनेही मरतात. स्किमर मिनिटाला काही लिटर हवा ओढून बारीक बुडबुड्यांत पाण्यात घोळवतो, म्हणजे फवाऱ्याचा तुषार पाण्यात मिसळायला याहून चांगलं यंत्र नाही. मासे आणि प्रवाळ शाबूत, फक्त कोळंबी गेली, ही खूण त्याकडेच बोट दाखवते. घरात डासांची कॉइल किंवा द्रवाचं मशीन त्याच खोलीत लावलं तरी हाच परिणाम होऊ शकतो, तेही पाहा.

आज नळी आत घ्या आणि तिच्या तोंडाशी दाणेदार सक्रिय कार्बनची डबी लावा. संपमध्ये जाळीच्या पिशवीत १०० ग्रॅम कार्बन, पाणी तिच्यातून जाईल अशा जागी, आठवड्याने बदला. ३० लिटरचे दोन पाणीबदल चार दिवसांच्या अंतराने. बदलाचं पाणी मिसळतानाही पिंप झाकलेलं हवं, फवारणीच्या दिवशी अंगणात नको.

मोहोर

नळी आत घेतली, कॉइल त्या खोलीत लावत नाही. नवी कोळंबी कधी आणू?

पागोळी

दोनदा कार्बन बदलून झाल्यावर तीन आठवड्यांनी. आणि थेट महागडी क्लीनर नको. आधी एक साधा हर्मिट खेकडा सोडा. दहा दिवस तो खातोय, कात टाकतोय, अंगावर हात आणला की शंखात झटकन शिरतोय असं दिसलं, तर कोळंबी आणा. बागायतदारांशी बोलून फवारणीच्या तारखा आधी कळवायला सांगा. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी स्किमर बंद, खिडकी बंद, वेव्हमेकर चालू.